सांडपाण्याची साक्ष

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आजचा विषय चहाच्या कपाबरोबर काढण्यासारखा नाही, तेव्हा ज्यांच्या हातात कप असेल त्यांची आधीच क्षमा मागतो. विषय आहे गटाराचा. मराठीत गटार म्हटलं की एक तर गटारी अमावास्या आठवते, नाहीतर शिवी. कवितेतही ते आलं तर दारिद्र्याची खूण म्हणून येतं. पण गेली कित्येक दशकं शास्त्रज्ञ मंडळी या पाण्याकडे वेगळ्या नजरेनं पाहत आहेत. गावात कोणता रोग शिरला आहे हे डॉक्टरच्या आधी गटाराला कळतं, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते खरं ठरलेलं आहे.

पोलिओचं उदाहरण घेऊ. या रोगाचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, आतड्यात वाढतो आणि कित्येक आठवडे विष्ठेतून बाहेर पडत राहतो. मात्र ज्यांना त्याची लागण होते, त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही. फार तर थोडा ताप येतो, पोट बिघडतं. पहिल्या प्रकारच्या विषाणूची साधारण दोनशे जणांना लागण झाली तर त्यांतल्या एखाद्याचा पाय लुळा पडतो. म्हणजे दवाखान्यात एक मूल येतं तेव्हा उरलेली शे-दोनशे मुलं गल्लीत लगोरी खेळत असतात, आणि विषाणू पसरवतही असतात. दवाखाना त्या एका मुलाची वाट पाहतो. गटाराकडे मात्र सगळ्यांचा हिशेब पोचलेला असतो.

हे आपल्याच मुंबईत घडलं आहे. परळला हाफकिन संस्थेच्या आवारात एन्टरोव्हायरस संशोधन केंद्र होतं. आता ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा, म्हणजे एनआयव्हीचा, मुंबई विभाग आहे. या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2001 साली मुंबईतल्या झोपडपट्टी भागांमधलं सांडपाणी नियमानं तपासायला सुरुवात केली. भारतात पोलिओसाठी असं काम पहिल्यांदा इथं सुरू झालं. दिल्ली, पाटणा, कोलकाता ही शहरं त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी त्यात आली.

तपासणीची रीत ऐकण्यासारखी आहे. लोक उठून प्रातर्विधी उरकतात त्या सकाळच्या वेळी बाटलीत पाणी भरायचं, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायचं, त्यातला गाळ काढून ते आटवल्यासारखं घट्ट करायचं. मग ते काचेच्या भांड्यात वाढवलेल्या जिवंत पेशींवर टाकायचं. त्यातल्या एका जातीच्या पेशी उंदराच्या असतात. उंदराला एरवी पोलिओ होत नाही. पण या पेशींमध्ये माणसाच्या पेशीवरचं ते एक दार बसवलेलं असतं, ज्यातून पोलिओचा विषाणू आत शिरतो. त्या दारातून कोण आत आलं, एवढं बघायचं. पेशी मेल्या, तर पुढची तपासणी. विषाणूची जनुकीय रचना वाचली की तो कुठल्या भागातल्या विषाणूचा नातेवाईक आहे तेही कळतं.

2001 साली मुंबईच्या पाण्यात पोलिओ सापडला, आणि त्याची नाती उत्तर भारतातल्या विषाणूंशी जुळली. इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. ‘उत्तरेकडच्या विषाणूशी साम्य’ हे वाक्य शास्त्रज्ञाच्या वहीत निरागस असतं. तेच वाक्य चौकात आलं की ‘परप्रांतीयांनी आणला’ असं व्हायला किती वेळ लागतो, हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. सुदैवानं आरोग्य खात्यानं त्याचा अर्थ सरळ घेतला. विषाणू रेल्वेनं येतो ना, मग रेल्वे स्टेशनवर उभे राहा. फलाटावर, गाडीत, उतरणाऱ्या आईच्या कडेवरच्या लेकराला दोन थेंब. ती निळी खोकी घेऊन उभ्या असलेल्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील.

त्याच काळात दुसरी एक अडचण होती, आणि ती माझ्या समाजातली असल्यामुळे मीच बोललेलं बरं. उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम वस्त्यांमध्ये अफवा पसरली होती की या थेंबांनी मुलं पुढे नापत्य होतात. ती अफवा आपल्याकडे मालेगाव-भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांतही पोचली. दारं लावून घेतली गेली. हे नुसतं अज्ञान होतं असं मी म्हणणार नाही. ज्या गल्लीत नळाला पाणी नाही, गटार तुंबलेलं, दवाखाना लांब, तिथं सरकार एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा दारात येतं, तेव्हा ‘याच एका गोष्टीची एवढी काळजी का?’ हा प्रश्न माणसाला पडतोच. मौलवींनी मशिदीतून आवाहनं केली, अलीगढ विद्यापीठ आणि जामिया मिल्लियासारख्या संस्था पुढे आल्या, तेव्हा दारं उघडली. मुंबईच्या सांडपाण्यात रानटी पोलिओ शेवटचा सापडला तो नोव्हेंबर 2010 मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला, पश्चिम बंगालमधल्या हावड्याला. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. रुग्ण नाही एवढं त्यासाठी पुरेसं नव्हतं. पाण्यातही तो नाही, हे वर्षानुवर्षं तपासून दाखवावं लागलं.

रुग्ण एकही नाही आणि पाण्यात मात्र विषाणू आहे, असंही होतं. 2013 साली इस्रायलच्या दक्षिण भागात, राहात या बदाउनी अरबांच्या शहराच्या आणि बीरशेबाच्या सांडपाण्यात पोलिओ सापडला. एकाही मुलाचा पाय लुळा पडला नव्हता. तरी आधी त्या भागात आणि मग देशभरात लहान मुलांना थेंब पाजले गेले. अरब मुलांना आणि ज्यू मुलांनाही. देशभर पाजले हे मला महत्त्वाचं वाटतं. एका वस्तीचा रोग म्हणून तो तिथंच ठेवला नाही.

2020 मध्ये करोना आला. नेदरलँड्समध्ये शास्त्रज्ञांनी सुरुवातीलाच सांडपाण्यात त्याच्या खुणा शोधल्या. आपल्याकडे अहमदाबाद, हैदराबाद आणि पुढे पुण्यातही हे काम झालं. पण त्या वर्षाच्या एप्रिल महिन्यात आपण काय करत होतो? हातगाडीवरच्या भाजीवाल्याला नाव विचारत होतो. दिल्लीतल्या तबलिगी जमातीच्या मेळाव्यातून लागण झाली हे खरंच होतं, पण दोष सगळ्या समाजाच्या माथी मारला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता स्पष्ट शब्दांत नोंदवली. तोवर कित्येकांचा धंदा बसला होता. दारावर शिक्का, गल्लीला बांबू, शेजाऱ्यांची नजर, या भीतीनं लोकांनी ताप लपवला, आणि ते सर्व धर्मांच्या लोकांनी केलं. अशा वेळी लपवलेला तापही ज्यात उतरतो ते हे पाणी. वजूचं पाणी त्यात, अभिषेकाचं पाणी त्यात. ते आजार सांगतं, आडनाव सांगत नाही.

याला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे पाणी जितकं कमी घरांचं, तितकं नाव जवळ येतं. 1940 च्या दशकात इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात मूर नावाच्या संशोधकानं आतड्याच्या तापाचा, पॅराटायफॉइडचा, माग काढला होता. गॉजची गुंडाळी दोरीनं गटारात सोडायची, दोन दिवसांनी काढून तपासायची. जंतू सापडले की वरच्या फाट्यावर जायचं, मग त्याच्या वरच्या. असं करत करत तो घरापर्यंत पोचायचा. रोग थांबवायला ही युक्ती नामी, पण एखाद्या सोसायटीच्या किंवा मोहल्ल्याच्या पाण्याचा निकाल जाहीर करताना हे विसरून चालणार नाही.

दुसरी मर्यादा आपल्याकडे जास्त लागू पडते. ज्याचा संडास गटाराच्या जाळ्याला जोडलेलाच नाही, त्याची नोंद मोठ्या पंपिंग स्टेशनवर होत नाही. सेप्टिक टँक, उघडा नाला, खाडीकाठची झोपडी, हे सगळं हिशेबाबाहेर राहतं, आणि रोग तर तिथंच आधी शिरतो. म्हणून मुद्दाम उघड्या नाल्यातलं पाणी घ्यावं लागतं. गाझामध्ये 2024 च्या जूनमध्ये युद्ध चालू असताना, मलनिस्सारणाची व्यवस्था मोडून पडलेली असताना, खान युनिस आणि दैर अल-बलाह इथलं सांडपाणी बाटल्यांत भरलं गेलं आणि त्यात पोलिओ सापडला. तो लशीतल्या विषाणूपासून बदलत गेलेला, दुसऱ्या प्रकारचा होता. ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला लुळेपणा आल्याचं नक्की झालं. तिथं पंचवीस वर्षांतला हा पहिला रुग्ण. सप्टेंबरमध्ये काही तासांपुरती लढाई थांबवून साडेपाच लाखांहून अधिक मुलांना थेंब पाजले गेले.

आपल्या महानगरपालिकांकडे माझं मागणं साधं आहे. ज्या वस्तीचं पाणी तपासता, तिला निकाल आधी सांगा. तिथल्या डॉक्टरला, नगरसेवकाला, मशिदीत, देवळात, बचत गटाच्या बायकांना. आणि निकालाबरोबर लस किंवा औषध घेऊन जा, नुसता निकाल नको. शहराचा एकत्रित आकडा मात्र रोज छापायला हरकत नसावी. पावसाळ्यात कुलाब्याला किती आणि सांताक्रूझला किती पाऊस पडला हे आपण सकाळी वाचतोच, त्याच्या शेजारी चार ओळींची जागा निघेल. पावसानं गटाराचं पाणी पातळ होतं आणि आकडा उगीच उतरलेला दिसतो, तेवढी एक टीप खाली टाकावी लागेल.