शिट्टी नाही, तर तेल नाही
(सुरक्षितता अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या वर्गासाठी आम्ही मुद्दाम परदेशातले एक लहान उदाहरण घेतले आहे. लहान असल्यामुळे त्यातली प्रत्येक गोष्ट स्पष्ट दिसते.

अमेरिकेच्या ईशान्येकडील मेन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट या राज्यांत हिवाळा कडक असतो. तेथे आजही असंख्य घरांत तेलाच्या भट्टीवर ऊब मिळते. हे तेल डिझेलच्याच जातीचे. तळघरात साधारण २७५ गॅलनची, म्हणजे सुमारे १०४० लिटरची पोलादी टाकी असते. टँकरवरचा कामगार होज ओढत आणतो, भिंतीबाहेरच्या तोंडाला जोडतो आणि तेल सोडतो. टाकी भिंतीपलीकडे असते. ती त्याला दिसत नाही.

भिंतीबाहेर दोन पाइप आलेले असतात. एक तेल भरण्याचा फिल पाइप, बहुधा दोन इंची. दुसरा हवा बाहेर सोडणारा व्हेंट पाइप. तेथील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या ३१ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे एवढ्या टाकीला व्हेंट किमान सव्वा इंची हवा. टाकी मोठी झाली की हे मापही वाढते.

हा हिशेब आपण करून पाहू. पंप मिनिटाला ७५ गॅलन तेल सोडतो असे धरा. म्हणजे सेकंदाला पावणेपाच लिटर तेल आत. तेवढीच हवा त्याच सेकंदात बाहेर पडली पाहिजे. तेलापेक्षा हवा सुमारे सातशे पट हलकी, म्हणून ती अरुंद पाइपातूनही सहज निघते. फिल दोन इंची आणि व्हेंट सव्वा इंची, हे चालते ते यामुळे. पण एका अटीवर: व्हेंट पूर्ण मोकळा पाहिजे. त्याचा उतार टाकीकडेच हवा. मध्ये झोळ पडला तर तिथे तेल साचते आणि हवेची वाट बंद होते. वरचे तोंड बर्फाच्या थराच्या वर हवे. त्यावर टोपी आणि जाळी हवी, नाहीतर गांधीलमाश्या आत घर करतात.

व्हेंट तुंबला तर काय होते? आपल्या गाडीच्या ब्रेक पाइपात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोचा दाब असतो. ही टाकी बसवल्यावर तपासतात ती जेमतेम ०.२ ते ०.३५ किलोवर. तिचा पत्रा दोन-अडीच मिलिमीटरचा. टाकीच्या एका टोकाचे क्षेत्रफळ सुमारे ६६०० चौरस सेंटिमीटर. तिथे ०.३५ किलोचा दाब म्हणजे सव्वादोन टनांहून अधिक जोर. पंप त्याहून कितीतरी जास्त दाब देऊ शकतो. मग सांधा फुटतो आणि तळघरात तेल पसरते. टाकी काठोकाठ भरूनही पंप चालूच राहिला, तर तेल व्हेंटमध्ये चढते. तीन मीटर उंच चढलेले तेल एकटेच पाव किलोचा दाब देते. म्हणजे व्हेंट मोकळा असला तरी अति भरणे धोक्याचेच.

यावर तेथे एक साधी युक्ती आहे. व्हेंटच्या वाटेवर शिट्टी बसवतात. हवा बाहेर पडते तोवर ती वाजते. तेल शिट्टीच्या नळीच्या टोकाला लागले की ती बंद होते आणि कामगार पंप थांबवतो. सुरुवातीलाच शिट्टी ऐकू आली नाही, तर तेल सोडायचे नाही, असा त्या धंद्यातला नियम आहे. काही घरांत टाकी काढून टाकतात आणि फिल पाइप मात्र तसाच ठेवतात. पत्ता चुकलेला टँकर तेथे आला, तर तेल सरळ तळघरात जाते. ते संकटही ही शिट्टी वेळीच ओळखते.

साथींनो, पाइपाचे माप कामगार ठरवत नाही. खर्च वाचवणारा दुसरा, पाइप बसवणारा तिसरा. अपघात झाला की नाव मात्र होज धरणाऱ्याचे येते. म्हणून "शिट्टी नाही, तर तेल नाही" हा नियम केवळ तांत्रिक नाही. काम थांबवण्याचा तो कामगाराचा हक्क आहे.

आपल्याकडे घर तापवायला तेल लागत नाही. पण स्टेशनावर आणि मोठ्या टपाल कार्यालयांत जनरेटरच्या डिझेल टाक्या आहेत, डेपोत टाकी-वॅगन रिकाम्या होतात. रिकाम्या करताना गोष्ट उलटी होते: तेल बाहेर निघते, हवा आत गेली नाही तर टाकी आत चेपते. ज्यांनी व्हॅक्यूम ब्रेकवर गाड्या चालवल्या, त्या जुन्या साथींना हवेची ताकद सांगायला नको.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. आपापल्या ठिकाणच्या प्रत्येक टाकीचा व्हेंट पाहा: कुठे उघडतो, मोकळा आहे का. भरताना पातळी कळण्याची सोय नसेल तर ती लेखी मागा. आणि खूण मिळाली नाही तर काम थांबवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे व्यवस्थापनाकडून लिहून घ्या. पुढच्या शाखा बैठकीत हा विषय पत्रिकेवर आलाच पाहिजे.