न दिसणाऱ्या रुग्णाशी इमान

(हीरक महोत्सवी वर्षात दहावी-बारावीचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



भाषेची शिक्षिका वैद्यकीय प्रयोगशाळेविषयी काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. या विषयाकडे मला आपल्याच माजी विद्यार्थ्यांनी नेले. त्यांतील काही जण हैदराबादेतील रुग्णालयांत आणि रक्तपेढ्यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करतात. त्यांचे काम समजावून घेताना जाणवले की, तेथे ज्या गुणांची नितांत गरज असते, त्यांची नोंद आपल्या गुणपत्रिकेत कोठेच होत नाही. पालक मात्र ‘मेडिकलचा प्रवेश हुकला, आता निदान लॅबचा कोर्स तरी’ अशा सुरात या मार्गाचा विचार करतात. तो सूर बदलावा, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे.

या कामाची थोर परंपरा आपल्या शहरातच आहे. बेगमपेठेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाच्या परजीवीची वाढ होताना दिसली. या कार्यासाठी त्यांना १९०२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक सर्वांना ठाऊक असते. त्यामागे डासामागून डास चिरून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसण्याची जी चिकाटी होती, तिची आठवण क्वचित निघते. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे रोजचे काम त्या चिकाटीच्या जातीचे आहे.

या कामातील पहिली कसोटी अगदी साधी वाटते. ती म्हणजे नाव विचारणे. ‘तुम्ही सुनीताबाई ना?’ असे विचारले, तर तापाने ग्लानी आलेली किंवा कानाने मंद झालेली दुसरीच बाई ‘हो’ म्हणून मोकळी होते. म्हणून ‘आपले पूर्ण नाव सांगा’ असेच विचारायचे, ते कागदावरच्या नावाशी आणि नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहायचे आणि रक्त घेतल्यावर रुग्णासमोरच नळीवर चिठ्ठी लावायची. हे काम नंतरसाठी ठेवायचे नाही. नळीवरचे नाव चुकले, तर पुढचे लाखो रुपयांचे यंत्र अत्यंत अचूकपणे दुसऱ्याच माणसाचा अहवाल देते.

दुसरा गुण म्हणजे क्रम पाळणे आणि त्या क्रमामागचे कारण जाणणे. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ई.डी.टी.ए. हे द्रव्य असते. त्यात पोटॅशियम असते आणि ते रक्तातील कॅल्शियमला बांधून ठेवते. या नळीतील अंश पुढच्या नळीत गेला, तर अहवालात पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम उतरलेले दिसते, आणि नसलेल्या आजारावर उपचार सुरू होण्याचा धोका उभा राहतो. साखरेचेही तसेच. नळीतील रक्तपेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. म्हणून तो नमुना फ्लोराइड असलेल्या राखाडी टोपणाच्या नळीत घ्यावा लागतो. ‘एवढ्याने काय होते?’ म्हणणाऱ्याचे हे क्षेत्र नव्हे.

तिसरा गुण धीराचा. क्षयरोगाच्या तपासणीत थुंकीची काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निळ्या पार्श्वभूमीवर जंतू लाल दिसतात. ‘जंतू आढळले नाहीत’ असे लिहिण्यापूर्वी काचपट्टीवरील किमान शंभर क्षेत्रे पाहायची, असा दंडक आहे. साठ क्षेत्रे पाहून कंटाळलेल्या माणसाने तेच वाक्य लिहिले, तर कागदावर दोन्ही अहवाल सारखेच दिसतात. फरक ठाऊक असतो तो फक्त लिहिणाऱ्याला, आणि भोगावा लागतो तो रुग्णाला व त्याच्या घरातील लेकरांना.

याहून बोलके उदाहरण रक्तगटाचे. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक निराळाच रक्तगट आढळला. १९५२ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि जगभर तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. अशा व्यक्तीच्या लाल पेशींची नेहमीची चाचणी केली, तर उत्तर ‘ओ’ असेच येते. परंतु तिच्या रक्तद्रवात ओ गटाच्या पेशींनाही विरोध करणारी प्रतिद्रव्ये असतात. तिला ओ गटाचे रक्त चढवले, तर जीव जाऊ शकतो. पेशींबरोबर रक्तद्रवाचीही उलट तपासणी केली आणि त्यात ओ पेशी वापरल्या, तर हा भेद उघड होतो. भारतात साधारणपणे दहा हजारांत एक व्यक्ती अशी असते. म्हणजे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव वेळा ती तपासणी निष्फळ वाटणार, आणि तरीही दर वेळी ती करायची.

यानंतर येते ते नकाराचे धैर्य. दररोज यंत्रावर आधी ज्ञात मूल्यांचा नमुना तपासतात. उत्तर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, तर दारात रांग असो की वरिष्ठांची घाई असो, अहवाल थांबवावे लागतात. नमुना बिघडलेला असेल, तर ‘क्षमा करा, पुन्हा रक्त घ्यावे लागेल’ असे नम्रपणे सांगावे लागते. ओळखीच्या माणसाचा अहवाल पाहिला, तरी घरी अवाक्षर काढायचे नाही, हेही त्याच धैर्यात येते.

आपली मुले घरी मराठी, बाहेर तेलुगू, हिंदी आणि दखनी सहज बोलतात. सुईला घाबरलेल्या म्हाताऱ्या आजोबांना त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलून धीर देणे, हे या व्यवसायातील मोठे बळ आहे. इंग्रजी पारिभाषिक शब्दांचे दडपण बाळगू नका. ज्याला मातृभाषेतून संकल्पना कळली आहे, त्याला शब्द सरावाने येतात.

आता व्यवहाराचे बोलते. बारावीला विज्ञान शाखा घेऊन पुढे या विषयाची पदविका किंवा पदवी घेता येते. २०२१ साली केंद्र शासनाने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २००० तासांची पदविका किंवा पदवी आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६०० तासांची पदवी अपेक्षित आहे. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता आणि प्रत्यक्ष रुग्णालयातील प्रशिक्षणाची सोय पाहून घ्या. रंग ओळखण्यात अडचण नाही ना, हेही तपासून घ्या. जांभळ्या आणि गुलाबी रंगाच्या भेदावर जंतूची ओळख ठरते. रात्रपाळी आणि तासन्‌तास उभे राहणे यांची तयारी हवी. हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली हवी.

पालकहो, आपले मूल या कामास योग्य आहे का, हे ठरवताना टक्केवारीपलीकडे पाहा. प्रयोगवहीत निरीक्षण चुकले, तर ते शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवते की प्रयोग पुन्हा करते? पाहणारे कोणी नसताना त्याचे काम कसे असते? ही उत्तरे आपल्याला आणि आम्हां शिक्षकांनाच ठाऊक असतात. कोणतीही प्रवेशपरीक्षा ती विचारत नाही.

या क्षेत्रात असलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. या हीरक महोत्सवी वर्षात आपल्या बारावीच्या मुलांना, आपापल्या संस्थेची रीतसर परवानगी घेऊन, एक दिवस आपले काम दाखवा. नळीवरची चिठ्ठी कशी लावतात, येथूनच सुरुवात करा. गाठ घालून देण्याचे काम शाळा आनंदाने करील.