चित्रण अर्धवट राहिले त्याविषयी
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळातील चार तरुणांनी २०२३ च्या उन्हाळ्यात एका धर्मादाय विद्यार्थिवसतिगृहाची चित्रफीत विनामूल्य तयार करून देण्याचे काम अंगावर घेतले. देणगीदारांना संस्थेचा परिचय व्हावा, एवढाच तिचा हेतू. त्या कामात जे घडले त्याविषयी मंडळात बरीच कुजबुज चालली आहे, म्हणून दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ज्यांचे आयुष्य गेले, त्या मावशी सुमारे चाळीस मिनिटे बोलल्या. १९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला. रेशनवर मिळणारी लाल मिलो ज्वारी, थापताना तुटणारी तिची भाकरी, ती पाहून तोंड फिरविणारी मुले, आणि आपल्या वाटणीची अर्धी भाकरी त्या रोज कोणाच्या ताटात सरकवीत, हे सारे त्या प्रथमच सांगत होत्या. मी तेथे होतो. इतक्यात बॅटरी संपून कॅमेरा बंद पडला.

यातील मर्म असे की, कॅमेरा चित्र व आवाज कार्डावर सतत लिहीत असतो; परंतु कोणता भाग कोठे आहे याची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे चित्रण थांबविताना, अगदी शेवटी लिहितात. मध्येच वीज तुटली की मजकूर जागेवर असतो, अनुक्रमणिका तेवढी नसते. अशी फाइल त्याच कॅमेऱ्यातील दुसऱ्या धड चित्रणाच्या आधारे पुष्कळदा दुरुस्त करता येते. मात्र त्या कार्डावर पुन्हा काही लिहिले जाता कामा नये. मुलांपाशी कार्ड एकच होते, आणि दुपारची पंगत टिपावयाची होती. 'फाइल खराब' एवढे वाचून त्यांनी कार्ड पुसले व काम पुढे चालविले.

या मुलांना हलगर्जी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. कॅमेरा उसना, बॅटरी जुनी, प्रवासखर्च पदरचा. मंडप व हारतुरे यांवर आपण किती खर्च केला, ते अहवालात छापलेले आहेच. (एक हार माझ्याही गळ्यात पडला, ही गोष्ट वेगळी.) १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकलेला 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जे मोठमोठ्या धंदेवाल्यांना राखता आले नाही, त्याचा जाब या पोरांना काय विचारावा?

पंधरा दिवसांनी मुले पुन्हा गेली. मावशींनी चहा दिला, खुर्चीवर बसल्या, आणि दुष्काळाविषयी एवढेच म्हणाल्या, "दिवस वाईट होते बाबा, पण निभावलं." मुलांनी आग्रह केला तेव्हा, "एकदा सांगितलं ना, आता पाठ म्हटल्यासारखं होईल," असे म्हणून त्या उठल्या. चित्रफीत पूर्ण झाली. तीत ते पहिले वाक्य तेवढे आहे.

मावशींनी आता ऐंशी ओलांडली आहे. दिवाळीच्या सुटीत मुले कॅमेरा न घेताच त्यांना भेटावयास जाणार आहेत. वसतिगृहाचे आणखी तीन वृद्ध कर्मचारी मात्र बोलण्यास तयार आहेत. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी दोन कार्डे, एक जादा बॅटरी व आवाजासाठी निराळा ध्वनिमुद्रक, एवढ्याची तरतूद कार्यकारी मंडळाने करावी, अशी विनंती करतो व आपली रजा घेतो.