किंकाळीला गाणं कोण म्हणणार?

(परभणी येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेले भाषण)



'बाईचा आवाज' या सत्रात मी एका परदेशी रॉक ध्वनिमुद्रिकेबद्दल बोलणार आहे. गिटार-ड्रमच्या दणदणाटाशी आपला काय संबंध, असं काहीजणींना वाटेल. पण प्रश्न आपलाच आहे. बाईनं आपलं दुःख आवाजात मांडलं, तर ते गाणं की गोंगाट, हे ठरवतं कोण?

ही ध्वनिमुद्रिका योको ओनोची. तिचा जन्म १९३३ सालचा, टोकियोतला. लहानपणापासून ती पियानो शिकली, पुढे गाणंही शिकली. न्यूयॉर्कमध्ये प्रयोगशील कलावंत म्हणून तिनं स्वतःचं काम उभं केलं होतं. १९६६ मध्ये लंडनला जॉन लेननशी तिची भेट झाली ती त्यानंतर. पण जगानं तिला ओळखलं ते 'बीटल्स फोडणारी बाई' म्हणून. चार पुरुषांचं एकमेकांशी पटेना, आणि दोष मात्र बाहेरून आलेल्या, त्यातही आशियाई बाईच्या माथी. भावाभावांत वाटण्या झाल्या की 'सुनेनं घर फोडलं' म्हणतात, त्यातलीच ही गत. त्या चौघांपैकी पॉल मॅकार्टनीनं २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं की बीटल्स फुटण्याला योको जबाबदार नव्हती. तोवर चाळीस वर्षं उलटून गेली होती.

नोव्हेंबर १९६८ मध्ये योकोचा गर्भ पडला. त्या बाळाच्या हृदयाचे ठोके दोघांनी ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. १९६९ मध्ये एका तबकडीवर ते ठोके प्रसिद्ध झाले आणि त्यांच्यामागून दोन मिनिटांची शांतता. पुढच्या दोन वर्षांत आणखी दोनदा गर्भ गेला.

ऑक्टोबर १९७० मध्ये ती लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत उभी राहिली. गिटारवर जॉन, ड्रमवर रिंगो स्टार, बासवर क्लाऊस फोरमन. आधीपासून बांधलेली चाल नव्हती. वाजवता वाजवता, एकमेकांचं ऐकत गाणं घडत गेलं. पहिल्या गाण्यात शब्द एकच आहे, 'का?' तो एकच शब्द ती ओरडते, कंठात घुसळते, लांबवते, तोडते. गिटार कुठे संपते आणि तिचा गळा कुठे सुरू होतो, ते पुष्कळदा कळत नाही. दुसऱ्या एका गाण्याचं शीर्षकच आहे की हिरव्यागार सकाळी मी रिकामी बाबागाडी साऱ्या शहरभर ढकलत नेली. त्याच्या पार्श्वभूमीला जॉर्ज हॅरिसनच्या सतारीचा टाकून दिलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो.

११ डिसेंबर १९७० ला ही ध्वनिमुद्रिका बाहेर आली. त्याच दिवशी जॉनचीही आली. नाव जवळजवळ तेच, बरेचसे वादकही तेच. मुखपृष्ठही जवळपास सारखं. झाडाखाली दोघं, फक्त कोण कुणाला टेकलंय एवढाच फरक. त्याच वर्षी दोघांनी मिळून एक मानसोपचार घेतला होता. दडपलेलं दुःख ओरडून बाहेर काढायचं, असा तो उपचार. आई-बापांसाठीच्या गाण्याच्या शेवटी जॉनही टाहो फोडतो. त्याला लोक 'प्रामाणिक' म्हणाले. योकोच्या टाहोला बहुतेकांनी गोंगाट म्हटलं, तिची टिंगल केली. अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत जॉनची ध्वनिमुद्रिका सहाव्या क्रमांकापर्यंत गेली, तिची १८२ व्या. पुढच्या काळात 'बी-५२'ज'सारख्या गटांतल्या गायिकांनी तिचं ऋण मानलं. आता ही ध्वनिमुद्रिका काळाच्या पुढची मानतात.

ती ऐकायला सोपी नाही. ती सगळ्यांना आवडलीच पाहिजे, असंही माझं म्हणणं नाही. पण तसला आवाज आपल्याला परका आहे का? गावात मयत झालं की बायका हेल काढून रडतात. गेलेल्याला हाक मारतात, त्याच्या आठवणी सांगतात, सूर धरतात. त्याला कुणी गाणं म्हणत नाही. उलट नकला करतात. प्रसूतीच्या टेबलावर कळा सोसणाऱ्या बाईला 'ओरडू नको' म्हणून दटावतात.

आणि ज्या दुःखाला मयताचाही मान नाही, त्याचं काय? गंगाखेड, पालमकडून आपल्या बहिणी ऊसतोडीला जातात. फडावर पोट पडलं तर कुणी हेल काढत नाही. उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून दोन-चार दिवसांत बाई पुन्हा मोळी उचलते. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानं गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मान्य केली. मुकादमाच्या तोंडी करारावर राबणाऱ्या बाईपर्यंत ती पोचली नाही. जे दुःख ऐकूच येत नाही, त्याची रजा कोण देणार?

आता नावाचा मुद्दा. 'इमॅजिन' हे १९७१ सालचं जॉनचं जगप्रसिद्ध गाणं. त्याची मूळ कल्पना योकोच्या पुस्तकातली आहे, तिचं नाव द्यायला हवं होतं, हे जॉननं १९८० मध्ये स्वतः कबूल केलं. सहलेखिका म्हणून तिची अधिकृत नोंद करण्याची घोषणा व्हायला २०१७ साल उजाडलं. आपल्याला हेही नवीन नाही. गंगाखेडची जनाबाई दळता-कांडता अभंग रचत होती. तिचे अभंग आपल्यापर्यंत आले ते नामदेवांच्या गाथेतून. पण तिनं अभंगात स्वतःचं नाव गुंफून ठेवलं होतं, म्हणून ते आज तिच्या नावावर आहेत.

तेव्हा माझ्या दोन सूचना आहेत. गटाच्या बैठकीत एखादी बाई रडू लागली, तर तिला लगेच गप्प करू नका, विषयही बदलू नका. तिचं संपेपर्यंत ऐका. आणि मोबाइलवर एखादीची ओवी, गाणं, हकिगत टिपून घ्याल, तेव्हा आधी तिची परवानगी घ्या. ती हो म्हणाली, तर तिचं नाव आणि गाव तिच्याच तोंडून त्यात येऊ द्या. 'एक ग्रामीण महिला' एवढंच लिहून मोकळ्या होऊ नका.