ट्रॅक्टरचा विमा आणि ट्रॉलीतील माणसे
(कळंब येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या मेळाव्यात शिक्षण, विवाह आणि वसतिगृह या विषयांचा ऊहापोह नेहमीच होतो. आज मी आपले लक्ष एका रुक्ष कागदाकडे वेधू इच्छितो. तो कागद म्हणजे ट्रॅक्टरचे विमापत्र. पुष्कळ घरांत ते कपाटातील गाठोड्यात न वाचताच पडून असते. परंतु प्रसंग ओढवला म्हणजे घरची जमीन राहते की जाते, हे त्यातील दोन-चार ओळींवर ठरते.

आपले कळंब घोड नदीच्या काठी, पुणे-नाशिक महामार्गालगत वसलेले आहे. डिंभे धरणाच्या पाण्याने या खोऱ्यात बागाईत वाढली. ऊस पारगावच्या भीमाशंकर सहकारी कारखान्याकडे जातो, कांदा-बटाटा मंचरच्या बाजारात जातो. पूर्वी बैलगाडी जे काम करी, ते आज ट्रॅक्टर-ट्रॉली करते. आणि तेही भरधाव मोटारींच्या रस्त्यावरून. साधन वाढले, तशी जोखीमही वाढली.

विम्याचे मुख्य भाग दोन. पहिला सक्तीचा. आपल्या वाहनाने दुसऱ्यास इजा अथवा मृत्यू आला, तर त्याची भरपाई करण्याची हमी म्हणजे हा भाग. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 146 व्या कलमान्वये तो घेतलाच पाहिजे. न घेतल्यास पहिल्या गुन्ह्याला 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसरा भाग ऐच्छिक. त्यात आपल्याच वाहनाची आग, चोरी, पूर किंवा अपघात यांपासून होणारी हानी येते. मात्र नुसत्या झिजेमुळे किंवा यंत्र बिघडल्यामुळे होणारा खर्च त्यात येत नाही. वाहनाची विमा-किंमतही वर्षागणिक उतरते. चार वर्षांवरील आणि पाच वर्षांपर्यंतच्या वाहनास ती सर्वसाधारणपणे निम्म्यावर येते. म्हणून जुन्या ट्रॅक्टरला नव्याची किंमत मिळेल, ही आशा व्यर्थ होय.

आता मुख्य मुद्दा. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ट्रॅक्टर हे स्वतः भार वाहण्यासाठी बांधलेले वाहनच नव्हे. ट्रॉली ही निराळी वस्तू आहे; तिची नोंदणी निराळी, आणि विमापत्रात तिचा उल्लेखही निराळा असावा लागतो. ट्रॅक्टरचा विमा उतरविला म्हणजे मागची ट्रॉली आणि तीत बसलेली माणसे आपोआप सुरक्षित झाली, ही आपल्याकडील समजूत सर्वस्वी चुकीची आहे.

2007 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला निकालास आला. वीटभट्टीसाठी माती आणावयास निघालेला एक मजूर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातात जबर जखमी झाला होता. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता आणि ट्रॉलीचा तर नव्हताच. न्यायालयाने विमा कंपनीची जबाबदारी मान्य केली नाही. मजुराची हलाखी पाहून, आपला विशेषाधिकार वापरून, न्यायालयाने एवढेच केले की कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मागाहून ते ट्रॅक्टरच्या मालकाकडून वसूल करावेत. जखमीस दिलासा मिळाला, परंतु मालकाची सुटका झाली नाही. वर्षभराचा हप्ता भरूनही तो उघडाच राहिला.

बंधूंनो, आपल्या ट्रॉलीत कोण बसते? कांदे काढावयास जाणाऱ्या मजूर स्त्रिया, यात्रेस निघालेली भावकी, लग्नाचे वऱ्हाड. पोटासाठी आलेली मजूर बाई आणि मायेने आलेली बहीण, दोघींच्याही जिवाला त्या विमापत्रात जागा नसते. ट्रॉली मालासाठी आहे. तीत माणसे बसवू नयेत, हाच पहिला आणि खरा विमा होय.

यापुढे प्रत्येक कुटुंबाने चार गोष्टी पाहाव्यात. विमापत्रात ट्रॉलीचा क्रमांक आहे काय? वापर केवळ शेतीसाठी लिहिला असून आपण भाड्याने माल वाहतो काय? मालक स्वतः चालवीत असल्यास 15 लाख रुपयांचे व्यक्तिगत अपघात संरक्षण घेतले आहे काय? आणि विकलेला ट्रॅक्टर अजून आपल्याच नावावर आहे काय? कारण नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. विक्रीनंतर नाव न बदलणे म्हणजे परक्याच्या अपघाताचे ओझे आपल्या शिरावर ठेवणे. नदीकाठची पाण्याची मोटार किंवा मळणीयंत्र ट्रॅक्टरच्या विम्यात येत नाही. त्यांचा विमा वेगळा उतरवावा लागतो.

अपघात घडल्यास आधी जखमीस दवाखान्यात न्यावे, मग पोलिसांस आणि कंपनीस विनाविलंब कळवावे. कंपनीने लेखी तक्रारीची दाद घेतली नाही, किंवा एक महिना उत्तरच दिले नाही, तर पुण्यास विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तेथे शुल्क लागत नाही.

ही विमापत्रे बहुधा इंग्रजीत असतात. आपल्या मंडळातील शिकलेल्या मुलामुलींनी सुटीत घरोघरी बसून ती वडीलधाऱ्यांना मराठीत समजावून सांगावीत, एवढी माझी विनंती आहे. मंडळाच्या शिष्यवृत्तीची ती उत्तम परतफेड ठरेल.