मराकैबो सरोवराकाठचे ऋण



दुर्मीळ व्याधीवरील संशोधन म्हटले की डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते. हंटिंग्टनच्या व्याधीची हकीकत मात्र जुन्या टिपणांपासून सुरू होते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ईस्ट हॅम्प्टन गावी हंटिंग्टन घराण्यातील आजोबा व वडील डॉक्टरकी करीत. काही घराण्यांत वंशपरंपरेने उतरणारी हातापायांची अनावर, नृत्यासारखी थिरक त्यांनी पाहिली होती. त्यांच्या टिपणांच्या आधारे अवघ्या २२ वर्षांच्या जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. एखादे अपत्य व्याधीतून सुटले, तर त्याचा पुढचा वंशही सुटतो, हे त्यांनी नेमके टिपले. मेंडेलचे नियम जगाला पुन्हा गवसले ते १९०० साली, हे ध्यानी घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते.

हा कंपवात नव्हे. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान हालचाली, विचारशक्ती आणि स्वभाव ही तिन्ही ढासळू लागतात. आई किंवा वडील बाधित असल्यास प्रत्येक अपत्याला धोका निम्मा.

व्हेनेझुएलातील मराकैबो सरोवराच्या काठी असे रुग्ण फार मोठ्या संख्येने आहेत. डॉ. अमेरिको नेग्रेते यांनी १९५०च्या दशकात त्यांच्याकडे लक्ष वेधले. पुढे १९७९ पासून नॅन्सी वेक्सलर तेथे वर्षानुवर्षे जात राहिल्या. त्यांच्या आईचा मृत्यू याच व्याधीने झाला होता. १८ हजारांहून अधिक माणसांची वंशावळ तयार झाली. कोळ्यांच्या त्या गरीब वस्त्यांनी आपले रक्त दिले, म्हणून १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर खूण सापडली आणि १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक. त्यात तीन अक्षरांचा एक तुकडा ४० वा अधिक वेळा आला, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्यास व्याधी चुकत नाही.

त्यामुळे भविष्य आधीच सांगणारी चाचणी आली. व्याधी थांबवणारा सिद्ध उपचार मात्र आला नाही. म्हणूनच धोक्यात असलेले बहुसंख्य लोक चाचणी करून घेत नाहीत. त्यांना भ्याड म्हणणे अन्यायाचे ठरेल. स्वतः वेक्सलर यांनी आपल्याला ही व्याधी असल्याचे जाहीर केले ते २०२० साली.

लग्न जुळवताना ‘त्या घराण्यात काहीतरी आहे’ ही कुजबुज आपल्याकडेही अपरिचित नाही. मराकैबोच्या काठीही लाज आणि दारिद्र्य एकत्रच नांदत आले. ज्यांच्या रक्तावर हे ज्ञान उभे राहिले, त्यांच्यापर्यंत थिरक शमवणारी साधी गोळीही नेमाने पोहोचत नाही. १८ मे २०१७ रोजी त्यांच्यापैकी काही कुटुंबे व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांना भेटली. यापुढे लपणे नाही, हीच त्या मेळाव्याची हाक होती.