यंत्रालाही पाणी हवे



मी वैद्य नव्हे, युनियनचा साधा कार्यकर्ता. पाळीवर डुलकी लागली म्हणून नोटीस मिळालेल्या कामगारासाठी मी भांडत असे. पण मनातून त्याला आळशीच समजे. पुढे तोच आजार मला निघाला. झोपेत घसा मिटतो, श्वास दहा सेकंद आणि त्याहूनही अधिक अडतो, असे रात्रभर चालते. सकाळी माणूस थकलेलाच उठतो.

१९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी यावर तोड काढली : नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. ते यंत्र मी आणले आणि आठ दिवसांत गुंडाळून ठेवले! आपल्या विंझरची थंडी; नाक चोंदे, घशाला कोरड पडे. हवेला ऊब आणि ओल देणे हे नाकाचे काम. पण यंत्राच्या झोतापुढे ते अपुरे पडते. म्हणून यंत्राला पाणी तापवणारी डबी, म्हणजे ह्युमिडिफायर, जोडतात. ती जोडली आणि झोप लागली.

पाणी डिस्टिल्ड घ्यावे. विहिरीच्या पाण्याने क्षार बसतात. उरलेले रोज ओतून डबी धुवावी. थंडीत नळीत पाणी साचले तर ओल कमी करावी, नळीवर कापड गुंडाळावे, यंत्र उशीपेक्षा खाली ठेवावे. वीज गेली आणि यंत्र बॅटरीवर घेतले, तर डबीची ऊब बंद करावी. ती फार वीज खाते.

मित्रहो, डुलकीबद्दल नोटीस देण्याआधी कामगाराची तपासणी करा, ही माझी मागणी आहे. आणि ज्यांनी यंत्र माळ्यावर टाकले आहे, त्यांनी ते आज रात्री खाली काढावे.